लिहायचंय, पण सुरुवात कुठून? रविवारच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आम्ही आठ-दहा जण दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. कुणी विट्याहून एसटीनं येतं, कुणी तासगावहून गाडीवर, एक काका मिरजेहून सायकलनं. प्रत्येकानं काहीतरी लिहून आणायचं, ते मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं, एवढंच चालतं. मी आठवडाभर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आवक-जावक लिहिते. कथा लिहायला लागून आता एकवीस वर्षं झाली. नवीन येणारे बहुतेक तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

मला लिहायचंय, पण तुमचा आवडता लेखक कोण असं विचारलं की सांगता येत नाही. असं कसं?

बऱ्याच जणांचं असंच असतं. शाळेत धडे वाचलेले असतात, त्यातला एखादा मनात राहिलेला असतो, पण तो कुणाचा होता हे आठवत नाही. तिथूनच सुरू करा. जुनी बालभारती किंवा कुमारभारती मिळवा, तो धडा शोधा, लेखकाचं नाव बघा आणि त्या लेखकाचं अख्खं पुस्तक आणा. माझं तसंच झालं. नववीत वाचलेला एक माणूस डोक्यातून जात नव्हता. बावीस वर्षांची झाल्यावर कळलं की तो लिहिणारा आमच्याच जिल्ह्यातला होता.

आणि आवडता लेखक एकच असावा असंही नाही. दर चार-पाच वर्षांनी तो बदलतो. बदलायलाच हवा.

सुरुवात कुणापासून करू?

आपल्या जिल्ह्यापासून करा, असं मी सगळ्यांना सांगते. इथलेच म्हणून नाही. त्यांच्या पुस्तकातलं रान, पाऊस, माणसांची बोलायची ढब तुम्हाला आधीच माहीत असते. त्यामुळे लेखकानं त्याचं काय केलं ते लवकर दिसतं. रशियातला बर्फ वाचताना आपण बर्फाकडेच बघत बसतो.

मी तीन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवायला सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955), अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (1959) आणि वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ (हीसुद्धा 1959). माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे आणि खांडेकरांचा जन्म सांगलीतलाच, 1898 चा. तिन्ही गावं आज एका जिल्ह्यात आहेत, पण तिघांची मराठी पाहा.

माडगूळकरांची वाक्यं आखूड असतात. विशेषणं फार कमी. धनगरवाडीवर नेमणूक झालेला पोरगेला मास्तर तिथं राहायला जातो, आणि त्याला जे दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. माणसाचं मन कसं होतं हे लेखक सांगत बसत नाही, तो माणूस कसा बसला, काय बोलला आणि कधी उठला एवढं सांगतो. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हाही आवाज चढत नाही. माडगूळकर चित्रंही काढायचे. मला वाटतं, ती रेघ त्यांच्या वाक्यातही उतरलीय.

अण्णा भाऊंचं उलट. ते शाहीर. त्यांनी पोवाडे, लावण्या, वगनाट्यं लिहिली आणि हजारोंच्या पुढं म्हटली. ‘फकिरा’ मनातल्या मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. वाक्य कुठं धावतं आणि कुठं थांबून ताल घेतं ते कानाला कळतं. समोर माणसं बसलीत हे धरूनच ते वाक्य रचलेलं आहे. शाळा दीड दिवसाची म्हणतात, पण भाषेचा केवढा साठा कानांनी गोळा केला होता! ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

खांडेकर तिसऱ्याच वाटेनं जातात. अलंकार, उपमा, सुविचारासारखी वाक्यं. आज काहींना ती भाषा जड वाटते आणि मलाही काही पानं जड वाटतात, हे खरं सांगते. पण ‘ययाती’ची रचना शिकण्यासारखी आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडानं बोलतात आणि प्रत्येकाची बाजू वेगळी पडते. देवयानीवर राग धरून बसलेला वाचक तिचा भाग वाचताना थबकतो. एकच घटना दोघांच्या तोंडून लिहून बघा, मग ते किती अवघड आहे ते समजेल. खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं. मराठीला मिळालेलं ते पहिलं.

ही तिन्ही वाचून झाली की तुमचा कान कुठं ओढ घेतो ते तुमचं तुम्हाला कळतं. मग त्या वाटेनं पुढं जा. आत्मकथनं ओढत असतील तर शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ आणि फलटण भागातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ वाचा. आजच्या पिढीतलं काही हवं असेल तर जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ घ्या. तिला 2018 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

“लेखकासारखं वाचा” म्हणतात. म्हणजे नक्की काय करायचं?

पहिल्यांदा वाचकासारखंच वाचा. गोष्टीत बुडून, जेवण विसरून. ते झाल्याशिवाय दुसरं करू नका.

मग आवडलेलं एकच पान निवडा आणि ते वहीत हातानं उतरवून काढा. टाइप करून चालणार नाही, हात हळू चालला पाहिजे. उतरवताना तुम्हाला वाटेल, इथं पूर्णविराम येईल, आणि तो येणार नाही. वाटेल, आता लेखक सांगेल की ती रडली, आणि तो सांगेल की तिनं चुलीत फुंकर घातली. तुमचा अंदाज जिथं चुकतो तिथं पेन्सिलीनं फुली मारा. अशा फुल्यांमधूनच मी लिहायला शिकले.

पान उतरून झालं की क्रियापदांखाली रेघा ओढा. मग पान कुठून सुरू झालं ते पाहा: माणसापासून, जागेपासून की बोलण्यापासून? कोण बघतंय? किती वेळ गेला? संवादानंतर “तो म्हणाला” किती वेळा आलं आणि नसलेल्या जागी कोण बोललं हे तरी कसं कळलं? एका पानाला एक रविवार पुरतो. अशी दहा पानं केलेला मुलगा आमच्याकडे आहे, त्याची कथा आता न सांगता ओळखू येते.

आवडत्या लेखकासारखंच लिहिलं जातं. ही चोरी नाही का?

ढब उचलली जाते, ती चोरी नाही. गाणं शिकणारी मुलगी आधी गुरूच्या गळ्यानंच गाते. वाक्य उचललं, प्रसंग उचलला तर मात्र ती चोरी आहे आणि तिथं सूट नाही.

सुटायचा एक उपाय सांगते. एकाच्याच नादाला लागला असाल तर मुद्दाम अगदी उलट लिहिणारा घ्या. मी दोन वर्षं माडगूळकरांची आखूड वाक्यं करत होते. मग सहा महिने फक्त अण्णा भाऊ वाचले, तेव्हा माझं वाक्य मोकळं झालं.

बोलीत लिहू की प्रमाण मराठीत? आमच्या बोलण्याला कॉलेजात हसतात.

हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं आणि विचारताना मान खाली असते. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मीही तशीच बसलेली आहे. पहिल्या कथेत मी आमच्या आईच्या तोंडी “बाळ, तू केव्हा आलास? बैस ना” असं घातलं होतं. आईनं जन्मात असं वाक्य उच्चारलेलं नाही. ती म्हणायची, “कवा आलास रं? बस की.” त्या शेवटच्या ‘की’मध्ये आग्रह आहे, लाड आहे आणि थोडा रागही आहे की इतक्या उशिरा का आलास. ‘बैस ना’मध्ये त्यातलं काहीच नाही.

माझी पद्धत अशी: माणसं बोलतात ती बोलीत, निवेदन मला जे मराठी सहज येतं त्यात. पण अख्खी कथा बोलीत लिहिणारेही आहेत आणि चांगलं लिहितात. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. एक, सरसकट ‘ण’चा ‘न’ केला म्हणजे बोली होत नाही. आटपाडीचा माणूस, शिराळ्याचा माणूस आणि कोरेगावचा माणूस एकसारखं बोलत नाहीत. घरातही आजी आणि नातू एकसारखं बोलत नाहीत. दोन, शब्दांपेक्षा वाक्याची चाल पकडा. “जेवलायस का न्हाई?” यात खरं काम शेवटचं ‘न्हाई’ करतं.

जात्यावरच्या ओव्या, उखाणे, भांडणं, म्हणी गोळा करा. सांगलीच्या तारा भवाळकर यांनी आयुष्यभर लोकसाहित्याचा, बायकांच्या या मौखिक साहित्याचा अभ्यास केला आणि 2025 मध्ये त्या दिल्लीच्या अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. आपल्या आज्यांनी जे दळता दळता म्हटलं, त्याला विद्वत्तेच्या जगात काय मान आहे हे त्यांचं काम वाचलं की कळतं. घरात आजी असेल तर मोबाइलवर तिचा आवाज भरून ठेवा. आजच. माझी आजी गेली आणि तिच्या ओव्यांपैकी मला चारच पाठ आहेत.

शुद्धलेखन कच्चं आहे. लिहू का?

लिहा. साहित्य महामंडळाचे 18 नियम आहेत, ते एका छोट्या पुस्तिकेत मिळतात. रोज एक वाचा, तीन आठवड्यांत संपतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीनं कथा अडवून ठेवू नका, पण पाठवायच्या आधी एखाद्या मराठीच्या बाईंकडून तपासून घ्या.

पुस्तकं विकत घ्यायला परवडत नाही. कुठं वाचू?

वाचनालयाचं सभासद व्हा. सांगलीत नगर वाचनालय आहे, मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या नावाचं खरे मंदिर आहे, साताऱ्यात थोरले प्रतापसिंह महाराजांच्या नावाचं नगर वाचनालय. लहान गावांतही सरकारमान्य वाचनालयं आहेत. बहुतेकांना वाटतं तिथं फक्त पेपर असतात. आत जाऊन कपाट बघा.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा शहरातली किती पुस्तकं भिजली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघी जणी भिजलेले गठ्ठे उचलायला गेलो होतो. कागद फुगून पुस्तकं कपाटात इतकी घट्ट बसली होती की ओढली तर पुठ्ठा हातात यायचा आणि पुस्तक आतच राहायचं. काही वाचली, बरीच गेली. त्यामुळे वाचनालयाचं पुस्तक घरी नेलं तर जपा. काही पुस्तकांची नवी प्रत आता कुठं मिळत नाही.

सातारच्या बाजूला असाल तर पाचगणीजवळच्या भिलारला एक दिवस काढा. 2017 पासून तिथं घराघरांत पुस्तकं ठेवलीत. एका घरी कविता, एका घरी कथा, दुसरीकडे चरित्रं. ओसरीवर बसून फुकट वाचता येतं. स्ट्रॉबेरीच्या दिवसात गर्दी असते, पावसाळ्यात निवांत. वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे तिथं आलं. विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. कथेसाठी एखादं झाड, एखादी जुनी लढाई तपासायची असेल तर मी आधी तिथं जाते.

कविता करतो. छंद, वृत्तं शिकायला हवीत का?

मुक्तछंद लिहायचा असला तरी शिका. हात वळणदार होतो. आपल्याकडे ही परंपरा मोठी आहे: कवी गिरीश साताऱ्याचे, यशवंत चाफळचे, आणि यशवंतांनी रचनेचे धडे घेतले ते सांगलीच्या साधुदासांकडून. गदिमांचं गीतरामायण 1955-56 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत असं गेलं, एकूण 56 गीतं. दर आठवड्याला नवं गीत, नवा प्रसंग, आणि ते गाता आलं पाहिजे. वृत्तं अंगात मुरलेली असल्याशिवाय हे होत नाही. त्यातली दोन-तीन गीतं ऐकताना अक्षरं मोजून बघा.

पहिला खर्डा वाचला की फाडून टाकावासा वाटतो.

फाडू नका, बाजूला ठेवा. आमच्या हरिपूरला पूर्वी हळदीची पेवं असायची, जमिनीखालची खोल कोठारं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आतली कोंदलेली हवा आधी जाऊ द्यायची, मग माणूस उतरवायचा. खर्ड्याला मी तीन आठवडे देते.

मग काय करायचं ते माझ्याच कथेवरून दाखवते. आमचे अण्णा हळद घेऊन मार्केट यार्डात यायचे. एका वर्षी दर पडला. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं:

“हळदीला अत्यंत कमी दर मिळाल्यामुळे अण्णा निराश झाले. त्यांच्या डोळ्यांत वेदना दाटून आली. शेतकऱ्याचं जिणं किती कष्टाचं असतं, याची जाणीव मला झाली.”

दोन संपादकांनी ती कथा परत पाठवली. तिसऱ्यानं परत पाठवताना “वेदना दाटून आली” याखाली रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: ‘दिसली कशी?’ मी त्या दोन शब्दांवर महिनाभर अडून बसले. मग आठवलं की यार्डातून आल्यावर अण्णांचा सदरा धुताना आईला खिशात हळकुंडाचे तुकडे सापडायचे आणि खिशाचा पिवळा डाग कधीच जायचा नाही. चौथ्या खर्ड्यात असं आलं:

“सौदा संपला. अण्णांनी पोत्यात हात घालून एक हळकुंड काढलं, मोडून बघितलं. आत रंग पक्का होता. दोन्ही तुकडे त्यांनी खिशात टाकले आणि टेम्पोकडं चालायला लागले.”

माल चांगला होता आणि तरी दर मिळाला नाही, हे आता वाचणाऱ्याला स्वतःच कळतं. ती कथा छापून आली. तुमच्या खर्ड्यातही असं एखादं वाक्य असेल, जिथं तुम्ही भावनेचं नाव लिहून मोकळे झालात. तिथं थांबा आणि त्या दिवशी हात काय करत होते ते आठवा.

घरातलं, गावातलं खरं लिहिलं तर लोक ओळखतील. काय करू?

बायका हा प्रश्न जास्त विचारतात आणि मी तो हलका घेत नाही. खर्डा लिहिताना कुणाचीही भीती धरू नका, तो कपाटात कुलपात ठेवा. छापायला देताना मात्र विचार करा. नाव, गाव, धंदा, मुलांची संख्या बदलली तरी गोष्टीचं सत्य बदलत नाही. ज्या माणसाकडे उत्तर द्यायची ताकद नाही, त्याचं गुपित मी छापत नाही. एक कथा मी त्यामुळे अकरा वर्षं ठेवली आहे. स्वतःवर जे गुदरलं ते सांगायचा हक्क मात्र तुमचा आहे, तो कुणी काढून घेऊ नये.

वेळ मिळत नाही.

सीझनला मलाही मिळत नाही. तेव्हा रोज फक्त एक ऐकलेलं वाक्य वहीत टिपते. पावसाळ्यात त्यातूनच कथा निघते.

दिवाळी अंकाला कधी आणि कसं पाठवायचं?

1909 मध्ये ‘मनोरंजन’नं मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून नव्या लेखकाला तोच मोठा दरवाजा आहे. पण दिवाळी जवळ आल्यावर पाठवलेलं साहित्य कुणी बघत नाही. कथा जून-जुलैत तयार ठेवा. गेल्या वर्षीचा तो अंक आधी वाचा, त्यात कसल्या कथा येतात ते पाहा. युनिकोडमध्ये टाइप करा, एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा आणि सोबत दोन ओळींचं पत्र जोडा. त्या पत्रात कथेचा अर्थ समजावून सांगू नका. दोन महिने उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे विचारा.

पैसे भरून पुस्तक छापून देतो म्हणतात. देऊ का?

घाई करू नका. मी दिले होते. कर्ज काढून. तीनशे प्रती घरी आल्या आणि दोनशे साठ माळ्यावर राहिल्या, कारण त्यांचं काम छापून देण्यापुरतंच होतं, विकायला कुणीच नव्हतं. द्यायचेच झाले तर प्रती किती, वितरण कोण करणार, हक्क कुणाकडे, हे कागदावर घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे वेगळे पैसे कुणी मागितले तर ऐकू नका, आपल्या देशात तो सरकारकडून फुकट मिळतो. लेखनाचा हक्क लिहिल्याबरोबर तुमचाच असतो. 1957 च्या कायद्यानं तो हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो, त्यामुळे “सर्व हक्क प्रकाशकाकडे” अशा ओळीवर डोळे मिटून सही करू नका. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, आधी तिची चौकशी करा.

संमेलनांना जाऊन काही मिळतं का?

मोठ्या संमेलनात पुस्तकांचे गाळे मिळतात. लिहिणारी माणसं भेटतात ती लहान संमेलनात. पलूस तालुक्यातल्या औदुंबरला दर संक्रांतीला कृष्णाकाठी संमेलन भरतं. कवी सुधांशूंच्या गावचं, सदानंद साहित्य मंडळाचं. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा घाटाच्या पायरीवर शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, “तू काय लिहितीस?” तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. बसमधून परत येताना मी तिकिटाच्या मागं कथेचं पहिलं वाक्य लिहिलं.

रविवारी येताना काय आणायचं?

एक वही, आवडत्या लेखकाचं हातानं उतरवलेलं एक पान आणि स्वतःचं एक पान. दोन्ही मोठ्यानं वाचावी लागतील, आधी त्याचं, मग तुमचं. साडेनऊला सुरू करतो. विट्याची गाडी उशिरा येते, म्हणून तिकडच्यांसाठी पहिला अर्धा तास थांबतो आणि तोवर चहा होतो.